जठराचे दोन मार्ग : धौति व नेति यांसंबंधीं एक टिपण

गेल्या वर्षीं जठराच्या तपासणीसाठीं प्रस्तुत लेखकास कॉटन ग्रीन येथील राहत्या घराहून परळ भागांतील एका रुग्णालयांत जावें लागलें. दुर्बिणीची नळी घालण्यापूर्वीं डॉक्टरांनीं विचारलें, "नाकांतून घालूं कीं तोंडांतून?" वैद्यकांत हा प्रश्न अलीकडचा आहे, परंतु हठयोगाच्या पोथ्या चाळणारास तो अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. षट्कर्मांपैकीं धौति मुखावाटे व नेति नासिकेवाटे करावयाची असते. हीं कर्में सांगतांना साधकाच्या सोसण्याचा विचार ग्रंथकारांनीं कितपत केला होता, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

स्वात्माराम (सुमारें १५ वें शतक) हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशांत धौतीसाठीं चार अंगुळें रुंद व १५ हात लांब असें भिजविलेलें वस्त्र सांगतो. हात दीड फुटांचा धरल्यास ही लांबी साडेबावीस फूट भरते. घेरंडसंहितेंत रुंदी तीच आहे, पण लांबी दिलेली नाहीं. शिवाय तींत केळीचा, हळदीचा अथवा वेताचा दंड घशाखालीं चालविण्याचा निराळाच प्रकार आहे. 'शनैः' हें पद मात्र दोन्ही ग्रंथांत येतें. श्लोकांत असें अव्यय दिसलें कीं तें पादपूरणार्थ समजून पुढें जाण्याची आपणांस संवय असते. येथें ती सोडली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांतील ब्रह्मानंद आपल्या ज्योत्स्ना टीकेंत या एका पदाचा सबंध विधि करून दाखवितो. वस्त्र तलम, शक्य तर नव्या पागोट्याचा तुकडा असावा. तें किंचित् ऊन असावें. पहिल्या दिवशीं एक हात गिळावें, दुसऱ्या दिवशीं दोन हात, आणि याप्रमाणें रोज एकेक हात वाढवावा. शेवट दातांत घट्ट धरावा. म्हणजे पंधरा हातांस पंधरा दिवस झाले. पागोट्याचा तुकडा सुचविणारा हा टीकाकार केवळ कोश पाहून लिहीत नव्हता, असें आमचें मत आहे.

नेतीचें सूत्र वीतभर, म्हणजे सुमारें ९ इंच. तें 'सुस्निग्ध' असावें, याचा अर्थ टीकाकार गांठी वगैरे नसलेलें असा करतो. वीत हें उपलक्षण असून क्रिया नीट होईल इतकें सूत्र घ्यावें, असेंही तो म्हणतो. परंतु सूत्र कितीही घेतलें तरी त्याचें टोंक घशांतून मुखावाटेच बाहेर काढावयाचें. समोरच्या दातांपासून जठराचें द्वार सुमारें १६ इंचांवर असतें. नाकानें तेथवर जाण्याचा विचार या दोन ग्रंथांत नाहीं.

पाश्चात्त्य वैद्यकही बराच काळ मुखमार्गावरच राहिलें. कुसमाउल यानें १८६८ सालीं फ्रायबुर्ग येथें सरळ नळी घातली ती तरवार गिळणाऱ्या एका खेळियाच्या घशांत. सामान्य रोग्यास ती सोसवली नसती. शिंडलर याची काहींशी लवणारी नळी १९३२ सालची व हिर्शोविट्झ याची कांचतंतूंची १९५७ सालची. गुंगीचें औषध न देतां नाकावाटे तपासणी केल्याचें शेकर यानें १९९४ सालीं प्रसिद्ध केलें. तोंडाची नळी साधारण ९ ते १० मिलिमीटर जाड असते, नाकाची सहांहून कमी. ती जिभेच्या मुळास दाबीत नाहीं, म्हणून ओकारी कमी येते व रोग्यास बोलतां येतें. उलट नाक दुखतें, क्वचित् घोळणा फुटतो, आणि कित्येकांचें नाक मुळांतच अरुंद असतें. तीच बारीक नळी तोंडावाटे घातली तर फरक किती उरतो, याविषयीं तपासण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहींत.

आम्हीं नाक पत्करलें. पूर्वीं एकदां अन्यत्र जाड नळी तोंडावाटे घाईनें घातली गेली होती, तेव्हांचा अनुभव विसरण्यासारखा नव्हता. या खेपेस नाक दोन दिवस चुरचुरलें, परंतु ओकारी आली नाहीं. 'शनैः' या पदाचा अर्थ आम्हांस खरा कळला तो त्या मेजावर. तोंवर आम्हींही तें पादपूरणार्थच समजत होतों.

हठप्रदीपिकेची संशोधित आवृत्ति लोणावळ्याच्या कैवल्यधामानें १९७० सालीं काढली. परंतु आमच्या प्रश्नास मूळ पाठाइतकाच समास महत्त्वाचा आहे. ज्यांच्या संग्रहीं हठप्रदीपिकेची अथवा घेरंडसंहितेची हस्तलिखित प्रत असेल त्यांनीं धौतीचें पान काढून पाहावें. हातांचा आंकडा दुरुस्त केलेला आहे काय, दिवसांची गणना कोणी मांडली आहे काय, पाण्याऐवजीं दूध अथवा तूप लिहिलें आहे काय, हें कळविल्यास उपकार होतील. कोरा समासही कळवावा.