मॅट्रिक न झालेल्या अण्णांची शाळा : ‘रयत’ची वाटचाल

रयत शिक्षण संस्थेच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळांतून दर वर्षी दहावीची मुले-मुली बाहेर पडतात. ज्या माणसाने या शाळांचा पाया घातला, ते कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजेच अण्णा, स्वतः मात्र मॅट्रिक झाले नव्हते. त्यांचे शिक्षण इंग्रजी सहावीपाशीच थांबले. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेताना, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरताना आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी पीठ-मीठ गोळा करताना त्यांनी स्वतःच्या शाळकरी वर्षांकडे पुन्हा पुन्हा वळून पाहिले. तिथे जे खटकले होते ते आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ द्यायचे नाही आणि जे मिळाले नव्हते ते त्यांना द्यायचे, असे त्यांनी ठरवले. शंभर वर्षे ओलांडलेल्या या संस्थेची वाटचाल म्हणूनच शाळा सोडून गेलेल्या आणि शाळेला न विसरलेल्या मुलांची वाटचाल आहे.

एका विद्यार्थ्याची आठवण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत असल्याने बदलीची गावे ठरलेली. पुढच्या शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरात आले आणि आपल्या समाजाच्या वसतिगृहात राहू लागले. तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा. शहरात वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहत होती. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. तिथून परतल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसायचे, असा त्यांच्या वसतिगृहाचा दंडक होता. भाऊरावांनी आंघोळीला साफ नकार दिला आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

विशीतल्या त्या मुलाच्या मनात या प्रसंगाने घर केले. पुढे त्यांनी वसतिगृह काढले ते सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी, एकाच चुलीचे आणि एकाच पंगतीचे. काही मित्रांच्या साथीने १९१० च्या सुमारास दूधगावात केलेला प्रयोग ही त्याची पहिली पायरी होती. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या साक्षीने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच रयत होती. राबणाऱ्या, कर भरणाऱ्या, पण शाळेची पायरी न चढलेल्या माणसांसाठी ही संस्था होती.

धनिणीच्या बागेतली पंगत

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि वसतिगृह सुरू झाले. आधी घरातच, मग धनिणीच्या बागेत. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सगळी मुले तिथे एकत्र राहू लागली. भाकऱ्या थापायला, पाणी भरायला, भांडी घासायला पाळ्या होत्या. ज्याची पाळी त्याने थापायचे आणि सगळ्यांनी ते खायचे. जातीचा प्रश्न तिथे भाषणांत सोडवला जात नव्हता, तो रोज तव्यावर सुटत होता. आपल्या गावात एका पाणवठ्यावर उभी न राहणारी मुले इथे एकमेकांच्या हातची भाकरी खाऊन अभ्यासाला बसत.

हे चालले ते लोकांच्या मूठभर धान्यावर. दळायला बसताना घरातल्या बाईने एक मूठ बाजूला काढायची, ती साठवून बोर्डिंगला द्यायची, हा ‘मुष्टिफंड’ होता. तोही अपुरा पडे तेव्हा लक्ष्मीबाई होत्या. मुले त्यांना वहिनी म्हणत, संस्था त्यांना आज रयतमाउली म्हणते. माहेरचे दागिने एकेक करून मोडून झाले होते. एकदा भाऊराव गावी नव्हते आणि कोठीत दाणा उरला नव्हता. वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र मोडले आणि मुलांना उपाशी झोपू दिले नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा इतिहास सांगताना त्यांचे नाव दात्यांच्या यादीत येत नाही, ते संस्थापकांच्या बरोबरीने घेतले जाते, आणि तेच योग्य आहे.

१९२७ मध्ये महात्मा गांधी या वसतिगृहात आले. सगळ्या जातींची मुले एकत्र राबताना आणि जेवताना त्यांनी पाहिली. त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि त्याच्या स्मरणार्थ संस्थेने पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. दोन नेत्यांमधला करार चार भिंतींच्या आत मुलांच्या रोजच्या जगण्यात उतरावा, ही भाऊरावांची रीत होती.

शिकलेला पोर शिकवायला गेला

वसतिगृहातून मुले शिकून बाहेर पडू लागली, पण खेड्यांत शाळाच नव्हत्या आणि शाळा काढाव्यात तर शिक्षक नव्हते. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. व्हर्नाक्युलर फायनल झालेली खेड्यातली मुले तिथे शिक्षक होऊ लागली. मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर व्हॉलंटरी शाळांना अनुदानाची सोय झाली. तेव्हा हे तरुण शिक्षक डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर गेले. जिथे रस्ताही नव्हता, अशा ठिकाणी देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या सोप्यात फळा लागला. अशा पाचशेहून अधिक शाळा संस्थेने चालवल्या.

या वाटचालीचे मर्म मला इथे दिसते. ‘रयत’मध्ये शाळा सोडणे म्हणजे बाहेर पडून मोकळे होणे नव्हते. शिकून निघालेला पोर पुढच्या गावातल्या पोराला शिकवायला जाई. संस्था वाढली ती अशा परतणाऱ्या पावलांनी.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले. मोफत, निवासी आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर चालणारे. माध्यमिक शिक्षणाला तेव्हा फी लागे आणि फीपायी शेतकऱ्याचे पोर चौथी-सातवीनंतर घरी बसे. भाऊरावांनी त्यावर मुलांच्या श्रमाचा उपाय काढला. मुलांनी शेतात खपायचे, माळ फोडायचा, बांधकामावर विटा वाहायच्या आणि त्या कष्टांतून शिक्षणाचा खर्च भागवायचा. शिकणाऱ्याला कुणाच्या उपकाराखाली राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे घोषवाक्य या घामातून आले आहे. मुलींसाठी साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले आणि खेड्यातल्या शाळांना शिक्षिका मिळू लागल्या.

मॅट्रिकनंतरची वाट

मॅट्रिक झालेल्या खेड्यातल्या मुलाने पुढे कुठे जायचे? पुणे, कोल्हापूर परवडत नसे. म्हणून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणारे भेटले, पण भाऊरावांनी ती घेतली नाही. छत्रपतींचे नाव विकायला नव्हते.

१९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि भाऊरावांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारशी मतभेद झाले आणि संस्थेचे अनुदान बंद पडले. वसतिगृहे, शाळा, शेकडो शिक्षकांचे पगार सगळेच टांगणीला लागले. त्या दिवसांत गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले, यात संस्थेची कृतज्ञता आहे.

१९५९ च्या जानेवारीत भाऊरावांना पद्मभूषण मिळाले. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट्. पदवी दिली. इंग्रजी सहावीपाशी थांबलेल्या विद्यार्थ्याला मिळालेली ही पदवी. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

अण्णा गेल्यावर संस्था कोण चालवणार, ही चिंता अनेकांना होती. तिचे उत्तर अण्णांच्या विद्यार्थ्यांनी दिले. शाहू बोर्डिंगमध्ये भाकऱ्या थापून शिकलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीत पैसा होता, पण ते साताऱ्यात अध्यापनात रमले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि आपल्या गुरूचे विस्तृत इंग्रजी चरित्र त्यांनी लिहिले. एन. डी. पाटील यांनी छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवताना ‘कमवा आणि शिका’ची जबाबदारीही सांभाळली. राजकारण आणि चळवळींत आयुष्य घालवूनही संस्थेशी असलेले नाते त्यांनी २०२२ मध्ये देह ठेवेपर्यंत जपले. ज्यांची नावे कुठेच छापली गेली नाहीत असे असंख्य आजीव सेवक दुसरीकडची चांगली नोकरी सोडून संस्थेत आले आणि बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवत निवृत्त झाले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. पारंब्या जमिनीला टेकून खोड होतात, तसे हे विद्यार्थी.

आजची दहावी

मॅट्रिकची मुंबई विद्यापीठाची परीक्षा गेली, अकरावीची एस.एस.सी. आली. १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळाची स्थापना झाली आणि १९७५ पासून एस.एस.सी. दहावीला आली. परीक्षेचे नाव आणि इयत्ता बदलली. खेड्यातल्या घरात त्या निकालाला असलेले मोल मात्र आजही तेवढेच आहे.

फेब्रुवारीत शाळाशाळांतून निरोप समारंभ होतात. नववीची मुले पताका लावतात, मुली आईच्या साड्या नेसून येतात. बोलायला उभी राहिलेली मुले सहल सांगतात, स्नेहसंमेलन सांगतात, गणिताच्या सरांचा मार सांगतात आणि मध्येच थांबतात. ती जिथे थांबतात तिथे खरे ऐकले पाहिजे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहून शाळा केलेला मुलगा सांगतो की, वसतिगृहात जागा मिळाली नसती तर मीही फडात असतो. मोफत पासवर रोज पहिल्या एसटीने येणारी मुलगी म्हणते, दहावीनंतर पास असो-नसो, मला शिकायचे आहे. या दोन वाक्यांत १९१९ चा प्रश्न अजून जिवंत आहे.

निकालानंतर मुले दाखला न्यायला येतात. कार्यालयात लिपिक जनरल रजिस्टर उघडतात आणि पाचवीत प्रवेश घेताना लिहिलेली ओळ शोधतात. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख. मग दाखल्यावर प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचे कारण दहावी उत्तीर्ण, असे रकाने भरले जातात. मुख्याध्यापकांची सही होते, शिक्का बसतो. त्या रकान्यांत मावत नाही ते मुलाला स्वतःलाच ठाऊक असते. डबा न आणलेल्या दिवशी अर्धी भाकरी पुढे सरकवणारा मित्र, फीची आठवण वर्गात सगळ्यांदेखत न करणाऱ्या बाई, नापास झाल्यावर घरी येऊन वडिलांशी बोललेले सर.

पुढची वाट

२०१९ मध्ये संस्थेने शताब्दी साजरी केली. आज सातशेहून अधिक शाखा आहेत, चाळीसच्या वर महाविद्यालये आहेत आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभे राहिले आहे. आकड्यांचा अभिमान जरूर बाळगावा, पण समाधान मानू नये. पट कमी होत असलेल्या खेड्यातल्या मराठी शाळा, रिक्त राहणारी शिक्षकांची पदे, दहावीनंतर लग्न ठरणाऱ्या मुली आणि हंगामाबरोबर शाळा सुटणारी मुले हे आजच्या रयतेचे प्रश्न आहेत. मुष्टिफंडाच्या काळातही प्रश्न लहान नव्हते.

म्हणून यंदा दाखला घेऊन निघालेल्या मुला-मुलींनो, तुमच्या आठवणी नुसत्या मनात ठेवू नका. तुम्हाला शाळेत काय मिळाले ते लिहून काढा, आणि काय मिळाले नाही तेही लिहा. भाऊरावांनी त्या दुसऱ्या यादीतूनच संस्था उभी केली. कमवायला लागाल तेव्हा आपल्या गावातल्या एका मुलाची वही-पुस्तके, एका मुलीचे अकरावीचे शुल्क स्वतःकडे घ्या. तुमच्यातल्या ज्यांना शिकवणे जमते त्यांनी शिक्षक व्हा, आणि झालात तर पहिली नेमणूक आडगावी मागा. शाळा तुमच्याकडून पुतळा मागत नाही, कमान मागत नाही. पुढच्या जूनमध्ये पाचवीच्या वर्गात तुमच्या वस्तीवरचे एक जास्तीचे पोर आणून बसवा, एवढेच तिचे मागणे आहे.