टँगो : पुढाकार कोणाचा?

१/ टँगो म्हटले की एकच चित्र डोळ्यांसमोर येते. पुरुष पुढे चालतो, स्त्री त्याच्या मिठीत उलट्या पावलांनी मागे सरकते. तो ठरवतो, ती साथ देते. ही वाटणी या नृत्याइतकीच जुनी आणि नैसर्गिक मानली जाते. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

२/ टँगो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि माँतेविदेओ या बंदरांत घडला. आफ्रिकी वंशीयांचे कांदोंबे, क्यूबाची हाबानेरा आणि स्थानिक मिलोंगा असे अनेक प्रवाह त्यात मिसळले. इटली-स्पेनमधून स्थलांतरितांचे लोंढे येत होते. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सचे सुमारे निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. त्यांत पुरुष अधिक.

३/ स्त्रिया कमी, नाचू इच्छिणारे पुरुष पुष्कळ. नृत्यसभेत स्त्रीचा होकार मिळवायचा तर उत्तम नाचता आलेच पाहिजे. म्हणून तरुण आधी पुरुषांच्याच सराव-बैठकांना जात. तिथे नवख्याच्या वाट्याला प्रथम साथ देणाऱ्याची, म्हणजे रूढ अर्थाने स्त्रीची, भूमिका येई. ती अंगवळणी पडल्यावरच त्याला पुढाकार घेता येई. १९४० च्या दशकातील नर्तकांच्या आठवणींत ही पद्धत वारंवार भेटते.

४/ म्हणजेच टँगोच्या सुवर्णकाळातील अनेक निष्णात पुरुष दोन्ही भूमिका जाणत होते. ही दुसरी बाजू शिकण्याची मुभा स्त्रियांना मात्र नव्हती.

५/ अडचण शरीराची होती का? टँगोत पावले आधी ठरलेली नसतात. पुढाकार घेणारी व्यक्ती छातीच्या हालचालीतून आणि तोल बदलून दिशा सुचवते. गर्दीतून वाट काढते. यासाठी लागतो तो तोल, कान आणि सराव. दांडगी ताकद नव्हे.

६/ अडसर होता रिवाजाचा. स्त्री-पुरुष वेगळे बसत. पुरुष दुरून नजर भिडवून मान हलवी, हाच 'काबेसेओ'. स्त्री नजर वळवून नकार देऊ शके; पण तिने उठून कोणाला विचारावे, हे शिष्टाचारात बसत नसे. कोणी पाहिलेच नाही, तर रात्रभर खुर्चीवर.

७/ वाद्यवृंदात हा रिवाज आधी मोडला. पाकिता बेर्नार्दो (१९००–१९२५) ही बांदोनिऑन वाजवणारी पहिली व्यावसायिक स्त्री मानली जाते. गुडघ्यांवर ठेवून ताणायचे हे वाद्य बाईला अशोभनीय समजले जाई. तिने १९२१ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला; पुढे विख्यात झालेला ओस्वाल्दो पुग्लिएसे त्यात पियानो वाजवी. तिच्या रचना कार्लोस गार्देलने ध्वनिमुद्रित केल्या. तिच्या स्वतःच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उरलेले नाही.

८/ गायिका आसुसेना मायसानी तर पुरुषी वेशात रंगमंचावर उभी राही. मंचावर जे टाळ्या मिळवी, ते नृत्याच्या फरशीवर चालत नसे.

९/ १९५५ च्या सत्तांतरानंतर टँगोला उतरती कळा लागली. १९८३ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या 'तांगो आर्हेंतिनो' या प्रयोगानंतर जगभर नवे शिकाऊ आले. आता गणित उलटले : अनेक वर्गांत स्त्रियाच अधिक. एकेकाळी पुरुषांनी जे केले, तेच त्यांनी केले. एकमेकींबरोबर नाचून दोन्ही भूमिका शिकल्या.

१०/ २००१ मध्ये हॅम्बुर्गला पहिला 'क्विअर टँगो' महोत्सव भरला. २००५ पासून मारियाना दोकाम्पो यांनी ब्युनोस आयर्समध्ये अशी नृत्यसभा चालवली, जिथे भूमिका लिंगावरून ठरत नाही आणि नाचता नाचता बदलताही येते.

११/ २००९ मध्ये युनेस्कोने टँगोला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आजही काही पारंपरिक सभांत पुढाकार घेणाऱ्या स्त्रीकडे भुवया उंचावून पाहिले जाते, तेही परंपरेच्या नावाने. पण नवख्या पोराला आधी साथ द्यायला शिकवणारी सराव-बैठक हीदेखील टँगोचीच परंपरा होती.