रायफलीवरील लेख : चिरनेरच्या निमित्तानें

जुन्या कागदपत्रांच्या शोधार्थ कोंकणांत फिरणाऱ्यास दप्तराच्या रुमालांबरोबर कधीं कधीं एखादी बंदूकही दाखविली जाते. रुमालाची परीक्षा कशी करावी हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बंदुकीची परीक्षा मात्र बहुतेकांस परकी वाटते. तोड्याची किंवा चापाची बंदूक निघाली तर ती पेशवाईंतली समजून आदरानें हातांत घेतली जाते. पण बोल्टची विलायती शिकारी रायफल निघाली कीं, ती अलीकडची म्हणून बाजूस सारण्यांत येते. हें बरोबर नाहीं. इ. स. १८९८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत घडलेल्या या रायफलींस आज शंभरांहून अधिक वर्षें झालीं आहेत. आणि त्यांच्या अंगावर जितका मजकूर कोरलेला असतो तितका आपल्या पुष्कळ पोथ्यांच्या शेवटींही सांपडत नाहीं. तो मजकूर वाचावा कसा, आणि संग्रहासाठीं रायफल निवडावी कोणती, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

स्थळ आम्हीं चिरनेर हें घेतलें आहे. हा गांव सांप्रत रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत मोडतो. पूर्वीं तो कुलाबा जिल्ह्यांत, पनवेल तालुक्याच्या हद्दींत गणला जाई. ता. २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगलच्या कायद्याचा भंग करण्यासाठीं लोक येथील अक्कादेवीच्या रानांत गेले, आणि त्या दिवशीं पोलिसांचा गोळीबार झाला. नाग्या कातकरी यांच्यासह आठ हुतात्म्यांचें स्मरण गांव प्रतिवर्षीं त्याच तारखेस करितो. सरकारी बाजूचींही माणसें त्या दिवशीं मेलीं. त्यांत मामलेदार जोशी हे होते. ज्या गांवाच्या इतिहासांत गोळीला एवढें स्थान आहे, त्या गांवच्या नांवानें एखादें शस्त्र पुढें आल्यास त्याची किंमत लोकांच्या मनांत एकदम वाढते. आणि म्हणूनच तेथें परीक्षकानें अधिक कठोर झालें पाहिजे.

समजा, एखाद्यानें रायफल आणून ती चिरनेरच्या गोळीबारांतली आहे असें सांगितलें. प्रथम पाहावयाचें तें हें कीं, तिच्यावर सरकारी मालकीची खूण आहे काय. हिंदुस्थान सरकारच्या शस्त्रांवर बाणाचें चिन्ह व त्यासोबत इंग्रजी आय हें अक्षर ठोकीत असत. ही खूण नसून त्याऐवजीं जर्मन कारखान्याचें नांव, परदेशी परीक्षागृहाचे मुकुट, नक्षीदार कुंदा आणि शिकारीची बारीक माशी असेल, तर तें कोणा परवानेदाराचें खाजगी शस्त्र होय. पोलिसांच्या हातीं दिलेलें नव्हे. सत्याग्रहींच्या हातचें तर तें नव्हेच. रान तोडावयास निघालेल्या माणसाचें हत्यार कोयता व कुऱ्हाड, इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर रायफल ही परवान्याची, म्हणजे साहेबांची, संस्थानिकांची व सधन गृहस्थांची वस्तु झाली होती. शस्त्रावरील चार ठशांनीं एक दंतकथा खोटी ठरते, पण त्याच वेळीं शस्त्राचें खरें चरित्र हातीं लागतें.

आतां त्या चरित्राकडे वळूं. बोल्ट म्हणजे दाराच्या अडसरासारखा मागेंपुढें सरकणारा व फिरवून बंद होणारा पोलादी दांडा. ही कल्पना जुनी; पण तिला पूर्ण रूप ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्याच्या इ. स. १८९८ च्या रचनेंत आलें. बोल्टाच्या तोंडाशीं दोन बळकट कान, संकटकाळासाठीं मागें तिसरा कान, आणि काडतुसाची कड पहिल्यापासून धरून ठेवणारा लांब आकडा, हीं तिचीं लक्षणें. दुसरें प्रसिद्ध कुल ऑस्ट्रियांतील स्टायर येथील मान्लिखर-शोनाउअर याचें. त्याची इ. स. १९०३ ची रायफल फिरत्या चक्राच्या काडतूसपेटीवरून, सुरीच्या पात्यासारख्या चपट्या बोल्ट-मुठीवरून आणि आखूड घाटाच्या रायफलींत नळीच्या टोंकापर्यंत गेलेल्या लांकडावरून सहज ओळखूं येते. तिसरें कुल इंग्रजी ली-पद्धतीचें. त्याचे बोल्टाचे कान पुढें नसून मागें असतात.

यंत्र ओळखल्यावर नांवें वाचावीं. एकाच रायफलीवर तीन नांवें सांपडूं शकतात. यंत्रावर ओबर्नडॉर्फचें, नळीवर लंडनच्या रिग्बीसारख्या कारागिराचें, आणि कधीं कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या दुकानाचें अथवा मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचें. नवशिका त्यांतील सर्वांत ठळक नांवास कर्ता समजतो. पण ग्रंथकार एक, लेखनिक दुसरा आणि पोथी बाळगणारा तिसरा, हें जसें आपण पोथींत वेगळें करितों, तसें येथेंही केलें पाहिजे. विक्रेत्याचें नांव तिचा मार्ग सांगतें, तिचें जन्मस्थान सांगत नाहीं.

त्यानंतर परीक्षागृहाचे ठसे. युरोपांत नळी विकण्यापूर्वीं जास्त दारू भरून तिची परीक्षा घेत व ठसा मारीत. जर्मनींत इ. स. १८९१ च्या कायद्यान्वयें मुकुटाखालीं बी, यू व जी हीं अक्षरें ठोकीत; जी हें अक्षर पेचदार खाचांच्या नळीचें द्योतक. पुढें बिनधुराच्या दारूसाठीं मुकुटाखालीं एन आला, आणि इ. स. १९३९ च्या कायद्यानें मुकुट जाऊन गरुड आला. म्हणजे मुकुट असलेली नळी सामान्यतः त्यापूर्वींची. पुष्कळ जर्मन नळ्यांवर परीक्षेचा महिना व वर्षही आंकड्यांत असतें. शक-संवत्सर दिलेली पोथी मिळावी तसाच तो लाभ. बेल्जममधील लिएज येथील ठसा लंबवर्तुळांत ईएलजी असा. त्यावर मुकुट असल्यास नळी इ. स. १८९३ नंतरची. लंडन व बर्मिंगहॅम येथील ठसेही निरनिराळे आहेत.

बोराच्या बाबतींत हिंदुस्थानचा कायदा स्वतःच एक पुरावा होऊन बसला आहे. सरकारी फौजेचें काडतूस खाजगी हातीं पडूं नये म्हणून ३०३ बोर सामान्य परवानेदारास मना होता, इ. स. १९०७ च्या सुमारास ४५० बोरावरही बंदी आली. त्यामुळें विलायतेच्या कारागिरांस या देशासाठीं दुसरे बोर पुढें आणावे लागले. ऑस्ट्रियन फौजेचें आठ मिलिमीटरचें मान्लिखर काडतूस येथें ३१५ या नांवानें रूढ झालें, बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यानें ली-पद्धतीच्या रायफली त्या बोरांत बनविल्या, आणि पुढें ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेंही तोच बोर चालविला. त्याचप्रमाणें रिग्बीचा २७५ म्हणजे माउझरचाच सात मिलिमीटरचा बोर होय. जुन्या परवान्यांत ३१५ किंवा २७५ असा आंकडा आढळल्यास त्यामागची ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

आतां निवड. आमच्या मतें संग्राहकानें झळाळीस भुलूं नये. नव्यानें निळें पाणी दिलेली, कुंदा घासून रोगण लावलेली रायफल दिसावयास सुंदर. पण घासतांना ठशांच्या कडा बोथट झालेल्या असतात, आणि एकदां पुसलेला ठसा कोणताही कारागीर परत आणूं शकत नाहीं. यंत्र, बोल्ट व नळी यांवरील आंकडे परस्परांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें. बोल्ट बदललेली रायफल म्हणजे मधलीं पानें दुसऱ्या प्रतीचीं घातलेली पोथी. नळी मूळ लांबीची आहे काय, मागून बोर वाढविला आहे काय, दुर्बिणीसाठीं नवीं छिद्रें पाडलीं आहेत काय, हेंही तपासावें. कोंकणांत तर नळीचें अंतरंग विशेष पाहावें. त्या काळच्या काडतुसांच्या टोपींतील क्षारामुळें, नळी त्याच दिवशीं न धुतल्यास, ती आंतून गंजे. खाऱ्या दमट हवेनें तो गंज वाढे. मात्र आंतून गंजलेली पण बाहेरून अक्षरशः वाचतां येणारी रायफल आम्ही चकचकीत परंतु मुक्या रायफलीपेक्षां श्रेष्ठ समजतों.

शेवटचा व सर्वांत मोठा पुरावा कागदाचा. माउझर कारखान्याची इ. स. १९४५ नंतर मोडतोड झाली. इंग्रज कारागिरांपैकीं कांहींच्या विक्रीच्या वह्या मात्र टिकल्या आहेत, व रायफलीच्या आंकड्यावरून पहिला ग्राहक सांपडूं शकतो. इकडे परवाना, त्याची पाठपानें, वारसाचा अर्ज हे कागद घराण्यांतून मिळतात. चिरनेरसारख्या गांवाविषयीं शोध करणाऱ्यानें कुलाबा व पनवेल हीं जुनीं नांवें विसरूं नयेत. जिल्ह्याचें रायगड हें नांव इ. स. १९८१ पासूनचें आहे. अशा साखळीचा आदर्श म्हणजे जिम कॉर्बेट यांची रिग्बी २७५ रायफल. इ. स. १९०७ त चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल सर जॉन ह्यूएट यांनीं ती दिल्याचा मजकूर तिच्यावरील चांदीच्या पट्टीवर आहे. पुढें ती ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाकडे गेली आणि इ. स. २०१५ त पुन्हा रिग्बीकडे आली. येथें शस्त्र, लेख व मालकी एकमेकांस साक्ष देतात.

कायद्याविषयीं दोन शब्द. इ. स. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत, जुन्या घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा मोडकें असें जें शस्त्र दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरतां येणार नाहीं, त्यासच सूट आहे. चालूं शकणाऱ्या रायफलीस, ती कितीही जुनी असो, परवाना लागतोच. इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानेदारास दोनच अग्निशस्त्रें ठेवतां येतात, व वारसानें आलेलींही त्या मर्यादेंत येतात. यामुळें पुष्कळ घरचीं शस्त्रें बाहेर पडत आहेत. तीं सोडण्यापूर्वीं निदान ठशांचीं छायाचित्रें, आंकडे व परवान्याची नक्कल उतरून ठेवावी. शस्त्र गेलें तरी त्याचा लेख राहील.

चिरनेरच्या आठांचें स्मरण खोट्या अवशेषांवर अवलंबून नाहीं, आणि खऱ्या रायफलीस उसन्या कीर्तीची गरज नाहीं. दोहोंस आपापल्या जागीं ठेवणें, हेंच संशोधकाचें काम.