शिक्क्यांचं जाळं



२०१३ साली लेकीकडे मुंबईला गेलो होतो. नातवाला राणीची बाग दाखवायला भायखळ्याला नेलं. तिथंच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर भलंमोठं कोळ्याचं जाळं! नातू म्हणाला, "आजोबा, इथं कुणी झाडत नाही का?"

नीट पाहिलं तर जाळं शिक्क्यांचं होतं. आपल्या कचेरीत असतात तसे शिक्के, फक्त मोठाले. त्यांच्यावर मुंबईच्या रस्त्यांची इंग्रजी अमदानीतली, पुढे बदललेली नावं. ही कलाकृती रीना सैनी कल्लाट यांची.

१८७२ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा या संग्रहालयाचंच नाव 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' होतं. इथल्या कारागिरीच्या वस्तू, नाना जातीधंद्यांच्या लोकांच्या मातीच्या प्रतिकृती तिथं मांडल्या गेल्या. १९७५ साली भाऊ दाजींचं नाव लागलं. ते योग्यच झालं. संग्रहालय उभं राहावं म्हणून झटलेल्यांपैकी ते एक. डागडुजीनंतर २००८ साली दारं पुन्हा उघडली आणि आजच्या कलाकारांना बोलावणं सुरू झालं: आमचा जुना संग्रह पाहा, तुम्हाला काय सुचतं ते मांडा. २०१० साली सुदर्शन शेट्टी यांचं प्रदर्शन झालं, नंतर अतुल दोडिया यांचं.

त्या जाळ्यापुढे मला आमच्या शाळेचं कपाट आठवलं. माझा जन्म बीदर जिल्ह्यातला, नोकरी लागली उस्मानाबाद जिल्ह्यात, निवृत्त झालो लातूर जिल्ह्यात. घर मात्र एकच! १९५६ साली आमचा भाग बीदरमधून निघाला, १९८२ साली लातूर जिल्हा झाला. आता तर उस्मानाबादचंही धाराशिव झालंय.

१९८२ साली शाळेचा नवा शिक्का आला, तेव्हा जुना मीच बंबात टाकला. लाकडी मूठ होती, छान पेटली. इतिहास शिकवणारा माणूस मी, पण त्या वेळी काही वाटलं नाही. वडिलांचा शाळेचा दाखला उर्दूत आहे, निजामाच्या काळातला. तो वाचू शकणारं आज आमच्या घरात कुणी नाही.

नावं बदलू नयेत असं मी म्हणत नाही. पण जुनं नाव कुठंतरी वाचायला मिळावं, एवढंच.

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती: माळ्यावरच्या ट्रंकेत जुने दाखले, पावत्या असतील तर रद्दीत घालू नका. शिक्का दिसेल असा फोटो काढून मला पाठवा. उर्दू वाचणारा माणूस मी शोधतो.