कोळ्ळिडमच्या काठचे दोन तंबू

नोकरीनिमित्त दक्षिणेत आलेला मराठी माणूस एकदा तरी तंजावरास जातोच. तो बृहदीश्वराचे दर्शन घेतो, देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास बोटाने अक्षरे लावीत वाचतो, सरस्वती महालातील पोथ्या पाहतो आणि आपल्या बदलीच्या गावी परततो. तेथून उत्तरेस अवघ्या दहाबारा मैलांवर असलेल्या कोळ्ळिडम नदीकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. या नदीच्या पैलतीरी वैद्यनाथस्वामींच्या देवळाचे तिरुमळपाडी नावाचे गाव आहे. आपल्या इतिहासग्रंथांत ते तिरुमलवाडी म्हणून येते. इ. स. १६७७ च्या जुलै महिन्यात येथे शिवछत्रपतींचा तळ पडला होता, आणि येथूनच त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे एका रात्री नदी ओलांडून निघून गेले.

या मुक्कामाचे एक चित्र सुदैवाने उपलब्ध आहे, आणि ते परक्याने काढलेले असल्यामुळे अधिक विश्वसनीय वाटते. पुदुचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तें याने आपला वकील महाराजांकडे पाठविला होता. वकिलाने पाहिलेले मार्तेंने आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. छावणीत थाटमाट नव्हता, बायका नव्हत्या, सामानसुमानाची अडगळ नव्हती. तंबू दोनच होते, तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि लहानसे. एक महाराजांचा व दुसरा त्यांच्या प्रधानाचा. नुकतीच जिंजी घेतलेला, शेरखान लोदीचा मोड करून कावेरीच्या खोऱ्यात उतरलेला हा अभिषिक्त राजा! मोगलांच्या चालत्या शहरासारख्या छावण्यांची वर्णने वाचलेल्या वाचकास या दोन तंबूंचा अर्थ सांगावयास नको.

बोलावण्यावरून व्यंकोजीराजे भेटीस आले. प्रारंभीचे दिवस प्रेमाचे, मेजवान्यांचे गेले. मग मूळ विषय निघाला. शहाजीराजे १६६४ साली वारले, तेव्हापासून कर्नाटकातील सारी दौलत धाकट्यांकडेच होती. तिचा अर्धा वाटा थोरल्यांनी मागितला. धाकट्यांची बाजू अशी की, आपण विजापूरचे चाकर, आणि तंजावर तर वडिलांनी दिलेले नव्हे, ते आपण स्वतः मिळविलेले. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच तडजोड निघेना.

रानात तंबू ठोकणाऱ्या वाटसरूस रात्री श्वापदांची चाहूल झोपू देत नाही. व्यंकोजीराजांस या तळावर भावाच्या मनाची चाहूल झोपू देईना. अफझलखानाची हकीकत त्यांस ठाऊक नसणे शक्यच नव्हते. त्यांचा जुना कारभारी रघुनाथ नारायण हणमंते रुसून महाराजांच्या पदरी गेला होता व आता समोरच्या पक्षात बसला होता. जुलै महिना सरत आला असता एका रात्री मोजक्या माणसांनिशी ते गुपचूप नदीकाठी आले आणि कट्टुमरमवर बसून पैलतीरास लागले.

कट्टुमरम हा शब्द तमिळ आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे व ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. ओंडके दोरांनी एकत्र आवळले की झाले कट्टुमरम. त्यास बूड नाही, कड नाही. पाणी फटींतून वर येते व तसेच खाली जाते, म्हणून ते बुडत नाही. आत बसलेला मनुष्य मात्र भिजल्यावाचून राहत नाही. हा काळ तमिळ आडी महिन्याचा. कोडगूच्या डोंगरांवरील पावसाचे पाणी याच सुमारास खाली येते आणि आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीकाठचे लोक नदीस आलेल्या भराची पूजा करतात. आज मेट्टूरचे धरण (१९३४) हे पाणी अडवून ठेविते. त्या काळी ते मोकळे येत असे. सैकताचे विस्तीर्ण पात्र, वर आषाढाचे आभाळ, आणि ओंडक्यांवर बसलेला तंजावरचा राजा!

पहाटे बातमी कळताच महाराजांस राग आला, त्याहून अधिक खेद झाला. आपण काय त्यास कैद करणार होतो, असा त्यांचा उद्गार सभासदाने नोंदविला आहे. मागे राहिलेल्या कारभाऱ्यांस प्रथम अटक झाली. पुढे त्यांस सन्मानाने सोडून देण्यात आले. महाराजांनी नदी ओलांडून तंजावरावर चाल केली नाही. नोव्हेंबरात व्यंकोजीराजांनीच महाराजांच्या फौजेवर हल्ला केला व अखेर हार खाल्ली. त्यानंतर तह झाला. त्यात बंगळूर, होसकोटे व शिरे हे महाल महाराजांनी व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी दिले. पुढे व्यंकोजीराजे उदास होऊन विरक्तीची भाषा करू लागले, तेव्हा त्याच थोरल्या भावाने त्यांस पत्र लिहून, खिन्नता टाकून कर्तबगारी करावी, असे समजाविले.

इतिहासकारांनी या पलायनास बहुधा भित्रेपणा म्हटले आहे. आम्हांस तसे म्हणवत नाही. भय खोटे ठरले खरे, पण ते निराधार नव्हते. आणि महाराजांचे मन निर्मळ होते हे जितके खरे, तितकेच बलाढ्य थोरल्यासमोर धाकट्यास ते दिसले नाही, हेही खरे. त्या रात्री हरपला तो विश्वास. तो परत मिळावयास एक लढाई, एक तह आणि काही पत्रे लागली. नदीने दोन घरे वेगळी केली, पण तंजावरचे घर १८५५ पर्यंत टिकले आणि त्याने तमिळ मुलखात मराठी भाषा, मोडी दप्तर व ग्रंथसंग्रह जतन केला.

आपणां परमुलखातील मराठी मंडळींचीही भावाबहिणींशी वाटणीची बोलणी अनेकदा अपुरी राहतात. कोणी रजा संपली म्हणून उठतो, कोणी रागाने. अशा वेळी नदीपलीकडून एक पत्र लिहिण्याचा मोठेपणा थोरल्याने दाखवावा, आणि धाकट्याने ते उघडून वाचावे. तिरुमळपाडीस गेलात तर देवदर्शनानंतर घटकाभर नदीकाठी बसा. त्या दोन तंबूंची खूण तेथे नाही. पाणी मात्र आजही आडी महिन्यात चढते.