लाटणे कोणाचे, वही कोणाची?



हातच्या धंद्याचे कौतुक करणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. घरबसल्या काम, थोडके भांडवल आणि मोठे समाधान, असे त्याचे वर्णन आम्ही अनेक व्यासपीठांवरून ऐकले आहे. आमचे मन मात्र या वर्णनाने कधी सुखावले नाही. आमचे बालपण विड्यांच्या सुपाशेजारी गेले. आमची आई दिवसभर विड्या वळी आणि संध्याकाळी ठेकेदाराच्या ओट्यावर नेऊन मोजून देई. मोजणारा त्यातून मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला सारी. त्यांचे पैसे मिळत नसत आणि विड्याही परत मिळत नसत. शाळेत आम्ही सातवीपर्यंत पोहोचलो. परंतु घरकामाचे अर्थशास्त्र त्या ओट्यावरच शिकलो. म्हणून पुढे युनियनच्या कामात पडल्यावर, बायकांनी घरी बसून पापड लाटावेत आणि त्याला कोणी स्वावलंबन म्हणावे, हे ऐकले की आम्ही हसत असू. त्या हसण्यात आमची चूक किती आणि बरोबर किती, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात, लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर, सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. ते देणारे छगनलाल करमशी पारेख हे भारत सेवक समाजाचे सदस्य होते. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेली ती संस्था. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळा आला तेव्हा पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पाऊस बाहेर पडत राहिला आणि धंदा चालू राहिला. हाताच्या धंद्यातली यंत्रसामग्री म्हणतात ती ही!

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांला महत्त्वाचे वाटतात ते त्या गच्चीवर ठरलेले नियम. पहिला नियम असा की, तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही. कर्ज घेतले तर ते फेडावयाचे. देणगी देणारा उद्या हुकूम सोडू लागतो. कर्ज फिटले की सावकाराचा संबंध संपतो. दुसरा नियम हिशेबाचा. छगनबापांनी त्यांना प्रथमपासून चोख वही ठेवावयास लावली. तिसरा नियम मालाचा. आरंभी या बायका दोन प्रतींचे पापड करीत, एक उत्तम आणि दुसरा हलका व स्वस्त. छगनबापांनी सांगितले की, एकच प्रत ठेवा, आणि ती उत्तम ठेवा. चौथा नियम रोखीचा. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस कामकऱ्यांनी सहकारी दुकान काढले, तेव्हा त्यांनीही उधारी बंद ठेवली होती. उधारीवर चाललेल्या छोट्या धंद्याचा खरा मालक तो उधार नेणारा व्यापारी असतो, हे दोन्ही ठिकाणच्या गरिबांनी पोथी न वाचता ओळखले.

मग धंदा वाढला. तीन महिन्यांत सुमारे पंचवीस बायका आल्या, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर गेल्या. गच्ची अपुरी पडली. तेव्हा त्यांनी काम दोन ठिकाणी वाटले. पीठ केंद्रावर एकत्र मळावयाचे, म्हणजे चव सगळीकडे एक राहते. मळलेले पीठ बहिणींनी घरी न्यावयाचे, लाटून, वाळवून दुसऱ्या दिवशी आणून द्यावयाचे आणि मजुरी घ्यावयाची. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ साली ठरले. ते सुचविणाऱ्या बहिणीला बक्षीस मिळाले पाच रुपये. १९६२-६३ ची विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली. वाटेत अपयशही आले. १९६१ साली मालाडला काढलेली शाखा चालली नाही. १९६८ साली गुजरातेत वालोड येथे महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली. आज बहिणींची संख्या चाळीस हजारांच्या पुढे आहे आणि पापड अजून हातानेच लाटला जातो.

आता आमच्या जुन्या हसण्याकडे वळू. पीठ घरी न्यावयाचे, माल आणून द्यावयाचा, नगावर पैसे घ्यावयाचे. बाहेरून पाहिले तर हे आमच्या आईच्या सुपासारखेच दिसते. मग फरक कोठे आहे? लाटण्यात नाही, वहीत आहे. विडीच्या धंद्यात वही ठेकेदाराची आणि नफा कारखानदाराचा. येथे काम करणारी प्रत्येक बहीण सभासद, आणि नफा-तोटा सभासदांचा. पुरुष ठेवले ते पगारी नोकर म्हणून. त्यांना मत नाही. शाखेची संचालिका बहिणींतूनच येते. पापड तपासला जातो, वाईट निघाला तर नाकारलाही जातो. परंतु नाकारणारीच्या हाताला लाटण्याचा घट्टा माहीत असतो. आरंभी शाळकरी मुलीही लाटावयास येत. पुढे अठरा वर्षांखाली प्रवेश नाही असे ठरले. मुलांच्या बोटांवर चाललेला विडीचा धंदा आम्ही पाहिला आहे, म्हणून या नियमाची किंमत आम्हांला कळते.

तथापि आमचे हसणे सर्वस्वी चुकीचे होते असेही आम्ही म्हणणार नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, घरी बसून वळणारीलाही त्यात कामगार मानले गेले, त्याखालील नियमांनी छाटीवर मर्यादा घातली. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला. हे भांडून मिळाले. परंतु ज्या बाईला आपण मालकीण म्हणतो, तिच्या डोक्यावर कामगार कायद्याची छत्री आपोआप येत नाही. आजारपण, म्हातारपण, कामाविना गेलेले दिवस, यांची सोय तिच्या संस्थेनेच करावयाची असते. सात बायका एका गच्चीवर बसल्या की प्रत्येकीला वही दिसते. हजारो झाल्या की शेवटच्या शाखेतल्या शेवटच्या बहिणीला ती दिसावी, यासाठी रोज खटपट करावी लागते. ती थांबली की मालकीण हे नुसते नाव उरते आणि आमच्या आईचा ओटा पुन्हा उभा राहतो.

आपल्या गावातही बचत गट मसाले, लोणची, गोधड्या करू लागले आहेत. त्यांच्या प्रदर्शनात आपण जाता, कौतुक करता, हे चांगलेच आहे. पुढच्या वेळी वस्तू घेताना तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. हिशेबाची वही कोण लिहिते, आणि काम करणारीला ती वाचून दाखवितात काय? नाकारलेल्या मालाचे काय होते? आणि धंदा वाढला, तर वाढलेला पैसा कोणाच्या घरी जातो? आमच्या आईला हे प्रश्न विचारता आले नाहीत. विचारले असते तर दुसऱ्या दिवशी तंबाखू आणि पाने मिळाली नसती. गिरगावच्या सात बायकांनी त्यांची उत्तरे धंदा सुरू करतानाच लिहून ठेवली, यातच त्यांच्या वाढीचे पुष्कळसे कारण आहे.