सिएना नगरीची देवमाता आणि तिचा चितारी

इ. स. १३११ च्या जून महिन्याच्या ९ व्या तारखेस इटाली देशांतील सिएना नगरींत सर्व दुकानें बंद होतीं. बिशपांच्या आज्ञेवरून धर्मगुरु व मठवासी यांची मोठी मिरवणूक निघाली होती. तींत नगराचा कारभार पाहणारे नऊ अधिपति, लहानमोठे अंमलदार व प्रतिष्ठित नागरिक हातांत पेटलेल्या मेणबत्त्या घेऊन चालले होते. त्यांच्या मागून स्त्रिया व मुलेंबाळें मोठ्या भक्तिभावानें येत होतीं. देवळांच्या घंटा घणघणत होत्या. कर्णे, सनया व नगारे वाजविणाऱ्यांचें वेतन नगराच्या खजिन्यांतून दिलेलें होतें, आणि त्या दिवशीं गोरगरिबांस दानधर्महि पुष्कळ झाला. एवढा समारंभ कोणा राजाच्या आगमनाचा नव्हता. स्तालोरेज्जी दरवाजाजवळ राहणाऱ्या एका चिताऱ्याच्या घरून एक रंगविलेला लांकडी फलक निघाला होता व तो मोठ्या चौकास वळसा घालून मुख्य देवळाच्या थोरल्या आल्ताराकडे नेला जात होता. फलकावर देवमाता मरिया बाळ येशूस मांडीवर घेऊन बसली होती. इटालियन लोक या चित्रास 'माएस्ता' म्हणजे राजवैभव असें म्हणतात. तो चितारी दुच्चो दि बुओनिन्सेन्या हा होय.

एका चित्रासाठीं सगळें शहर रस्त्यावर कां यावें, हें समजण्यास पन्नास वर्षें मागें गेलें पाहिजे. इ. स. १२६० सालीं शेजारच्या फ्लॉरेन्स नगरीचें बलाढ्य सैन्य सिएनावर चालून आलें. शहरांत घबराट उडाली. तेव्हां लोकांनीं बुओनाग्विदा लुकारी नांवाच्या गृहस्थास आपला पुढारी नेमिलें. तो अनवाणी पायांनीं मुख्य देवळांत गेला आणि नगराच्या किल्ल्या त्यानें मरियामातेच्या वेदीवर ठेविल्या, असें तेथील बखरकार सांगतात. ४ सप्टेंबर रोजीं माँटेपेर्ती येथें लढाई होऊन, संख्येनें कमी असतांहि, सिएनाकरांचा जय झाला. त्या दिवसापासून ते आपल्या नगरीस कुमारी मरियेची नगरी म्हणूं लागले. पुढें नऊच वर्षांनीं कोल्ले येथें त्याच फ्लॉरेन्सकरांनीं त्यांचा पुरता मोड केला, हें येथें सांगितलेंच पाहिजे. परंतु वेदीवर ठेवलेल्या किल्ल्या कोणीं परत मागितल्या नाहींत. जयाच्या दिवशीं केलेला नवस पराजयानंतरहि पाळणें हें थोड्यांनाच साधतें.

अशा नगरींत थोरल्या आल्ताराचें चित्र ज्याच्या हातीं सोंपविलें, तो मनुष्य कोणी साधुपुरुष असेल, असा वाचकांचा समज होणें साहजिक आहे. कागदपत्रें मात्र निराळेंच सांगतात. दुच्चोचें नांव प्रथम इ. स. १२७८ मध्यें आढळतें. सरकारी दप्तर ठेवण्याच्या पेट्या रंगविल्याबद्दल त्यास कांहीं रक्कम मिळाली होती. त्यापुढें त्याच्या नांवावर दंडामागून दंड लिहिलेले दिसतात. १२८९ सालीं त्यानें नगराच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यापुढें निष्ठेची शपथ घेण्याचें नाकारलें, म्हणून दंड झाला. १३०२ सालीं मारेम्मा प्रांतांतील लढाईवर जाण्याचें टाळलें, म्हणून पुन्हां दंड झाला. कर्जाचीं प्रकरणें तर कांहीं संपलींच नाहींत. असें असूनहि सरकारी पंच मंडळांत त्याचा सल्ला घेत, आणि फ्लॉरेन्ससारख्या वैरी नगरींतील एका भक्तमंडळानें इ. स. १२८५ मध्यें त्यास बोलावून आपल्या देवळासाठीं देवमातेचें भव्य चित्र करविलें. तें सुमारें १५ फूट उंच चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयांत आहे. गंमत अशी कीं, कित्येक शतकें तें चिमाबुए नांवाच्या फ्लॉरेन्सच्या चिताऱ्याचें म्हणूनच लोक दाखवीत असत.

थोरल्या आल्ताराच्या कामाचा करार ९ ऑक्टोबर १३०८ रोजीं झाला. देवळाच्या बांधकामाचे कारभारी याकोपो मारिस्कोत्ति यांनीं दुच्चोस बांधून घेतलें तें असें: काम त्यानें स्वतःच्या हातानें करावें, देवानें दिलेलें सारें कसब त्यांत घालावें, तें पुरें होईपर्यंत दुसरें कोणतेंहि काम पत्करूं नये. जितके दिवस काम करील तितक्या दिवसांची मजुरी, रोजीं १६ सोल्दी. न केलेल्या दिवसांची मजुरी कापली जाईल. सर्व साहित्य देवळानें पुरवावें. दुच्चोनें शुभवर्तमानाच्या पुस्तकावर हात ठेवून हें मान्य केलें. ज्यानें अधिकाऱ्यापुढें शपथ घेण्याचें एकदां साफ नाकारलें होतें, त्यानें ही शपथ मात्र घेतली. मागच्या बाजूच्या प्रसंगांसाठीं पुढें निराळा ठराव होऊन, प्रत्येक प्रसंगास अडीच सुवर्ण फ्लोरिन असा दर ठरला. देवाचें काम म्हणून हिशोब ढिला ठेवावा, असें त्या कारभाऱ्यांना वाटलें नाहीं, आणि तें योग्यच झालें. कारण पैसा नगरवासीयांचा होता.

आतां असें चित्र कसें करीत, तें थोडक्यांत सांगतों. पॉप्लर झाडाच्या फळ्या जोडून फलक तयार करावयाचा. त्यावर जुनें तागाचें कापड सरसानें चिकटवावयाचें, म्हणजे फळ्यांचे सांधे उलले तरी वरचें चित्र फुटत नाहीं. मग जिप्समची भुकटी सरसांत कालवून तिचे हातावर हात चढवावयाचे, व हस्तिदंतासारखा गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग होईपर्यंत तो घासावयाचा. जेथें सोनें यावयाचें तेथें तांबड्या, चिकणमातीसारख्या काव्याचा लेप देत. सोनें म्हणजे नाणीं ठोकून केलेला अति पातळ वर्ख. श्वास लागला तरी उडून जाणारा. तो एक एक पान बसवून झाल्यावर, गुळगुळीत दगडानें किंवा जनावराच्या दांतानें घोटीत, तेव्हां त्यास आरशासारखी झळाळी येई. गोव्याच्या जुन्या देवळांतील सोनेरी आल्तार ज्यांनीं जवळून पाहिले आहेत, त्यांस झिजलेल्या सोन्याखालून डोकावणारा तो तांबूस लेप ओळखीचा वाटेल. सोन्याचें काम आटोपल्यावर मग रंग, आणि तेहि तेलांत नव्हेत तर अंड्याच्या बलकांत खललेले. हा रंग क्षणांत वाळतो. म्हणून केंसाएवढ्या बारीक रेषा एकीशेजारीं एक ओढूनच चेहरा घडवावा लागतो. कातडीच्या रंगाखालीं हिरव्या मातीचा थर देत, आणि अशा चित्रांतील उत्तम निळ्या रंगाचा लाजवर्द दगड थेट बदकशानच्या डोंगरांतून व्यापाऱ्यांच्या हातोहात इटालीस पोंचत असे.

पण मागें आकाश, डोंगर, झाडें न काढतां नुसतें सोनें कां? हा प्रश्न आजचा मनुष्य हमखास विचारतो. ही रीत पूर्वेकडील कॉन्स्टंटिनोपलच्या चिताऱ्यांकडून इटालींत आली. आकाश काढलें कीं दिवस कीं रात्र, उन्हाळा कीं पावसाळा, हा प्रश्न आलाच. स्वर्गांत तो नाहीं. शिवाय हें चित्र विजेच्या दिव्याखालीं पाहण्यासाठीं केलेलेंच नव्हतें. अंधाऱ्या देवळांत, मेणबत्त्यांच्या हलत्या ज्योतींपुढें, पहांटेच्या मिस्सेला गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या दृष्टीसमोर तें सोनें क्षणांत उजळे व क्षणांत मालवे. संग्रहालयांत त्याच्यापुढें उभे राहणारे हें विसरतात, म्हणून त्यांना तें निश्चल वाटतें.

माएस्ताची पुढची मुख्य बाजू सुमारें ७ फूट उंच व १३ फूट रुंद आहे. मध्यभागीं रंगीत संगमरवरी सिंहासनावर देवमाता, बाकीच्या सर्वांहून आकारानें मोठी. सभोंवार २० देवदूत. त्यांपैकीं कांहीं सिंहासनाच्या पाठीवर हनुवटी टेकून असे कौतुकानें पाहत आहेत कीं जणूं घरांतील मुलें पाळण्यावर वांकलीं आहेत. दोन्ही बाजूंस संत पेत्र, संत पौल, दोघे योहान, संत आग्नेस आणि अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन. (हीच संत कॅथरीन गोव्याच्या से कॅथेड्रलची आश्रयदाती, आल्बुकेर्कनें १५१० सालीं गोवा घेतलें तो २५ नोव्हेंबर हा तिचाच सण.) सर्वांत पुढें गुडघे टेकलेले चौघे म्हणजे सिएनाचे पालक संत आन्सानो, साविनो, क्रेशेन्त्सियो व वित्तोरे. ते नगरीच्या वतीनें वकिली करीत आहेत. सिंहासनाच्या पायाशीं लॅटिन भाषेंत दोन मागण्या लिहिल्या आहेत. पहिली देवाच्या पवित्र मातेनें सिएनास शांति द्यावी अशी; दुसरी, दुच्चोनें तिला असें रंगविलें म्हणून तिनें त्यास जीवन द्यावें अशी. चिताऱ्यानें आपलें नांव घातलें, पण नगरीच्या मागून घातलें. कर्जबाजारी व दंड भरून थकलेल्या या मनुष्याला त्या दुसऱ्या मागणीची किती गरज होती, तें आपण जाणतोंच.

लोकांना दिसे ती ही बाजू. मागची बाजू आल्तारामागें बसून प्रार्थना म्हणणाऱ्या धर्मगुरूंसाठीं होती, आणि माझ्या मतें दुच्चोचें खरें सामर्थ्य तेथेंच आहे. यरुशलेमेंतील प्रवेशापासून एम्माउसच्या वाटेपर्यंत प्रभूच्या दुःखसहनाचे व पुनरुत्थानाचे २६ प्रसंग तेथें ओळीनें मांडले आहेत. त्यांतील एकच येथें सांगतों. खालच्या चौकटींत अंगणांत शेकोटी पेटली आहे; चाकरमंडळींत बसून संत पेत्र पाय लांब करून शेकत आहे. एक दासी त्याच्याकडे बोट दाखवून, हा त्याच्याबरोबर होता, असें म्हणत आहे, आणि पेत्राचा हात नाकारण्यासाठीं वर गेला आहे. दासीच्या शेजारून एक जिना निघतो. तो जिना वरच्या चौकटींत जातो, आणि तेथें, त्याच घटकेला, हात बांधलेले प्रभु येशू हन्नासमोर उभे आहेत. दोन प्रसंगांना जोडणारा हा जिना शुभवर्तमानांत लिहिलेला नाहीं. तो दुच्चोनें बांधला. खालीं शेकोटीची ऊब, वर बांधलेले हात, आणि मध्यें मोजक्या पायऱ्या! दररोज प्रार्थनेस बसणाऱ्या धर्मगुरूंच्या डोळ्यांसमोर हें चित्र ठेवण्यांत चिताऱ्यानें थोडें धाडसच केलें, असें म्हटलें पाहिजे.

दुच्चो इ. स. १३१८ किंवा १३१९ मध्यें वारला. त्याच्या मुलांनीं वारसा सोडून दिल्याचा लेख आहे. कर्जाखेरीज हातीं कांहीं लागण्याजोगें नसावें. १३४८ च्या महामारींत सिएनाचीं असंख्य माणसें मेलीं. त्याच्या आदल्याच वर्षीं तेथील एका रंगाऱ्याच्या घरीं जन्मलेली मुलगी पुढें सिएनाची संत कॅथरीन म्हणून जगास ठाऊक झाली. तिच्या साऱ्या आयुष्यांत मुख्य देवळाच्या थोरल्या आल्तारावर दुच्चोचीच देवमाता विराजमान होती. पंधराव्या शतकांत फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध शिल्पकार गिबेर्ती यानेंहि या फलकाची मोकळ्या मनानें वाखाणणी केली.

मग आवड बदलली. इ. स. १५०६ मध्यें तो थोरल्या आल्तारावरून काढून देवळाच्या एका बाजूस हलविण्यांत आला. चित्रकारांचीं चरित्रें लिहिणारा वासारी त्याच शतकांत त्याच्या शोधांत होता. तो लिहितो कीं, फलक कोठें आहे याचा पत्ता त्यास लागला नाहीं. शेवटीं १७७१ सालीं पुढची व मागची बाजू वेगळी करण्यासाठीं, आणि मग मोठ्या फलकाचे तुकडे करण्यासाठीं, त्यावर करवत चालविली गेली. ती देवमातेच्या मुखावरून व वस्त्रावरूनहि गेली. हें काम कोणा शत्रूनें केलें नाहीं. माँटेपेर्तीच्या दिवशीं ज्यांना भीति होती त्या फ्लॉरेन्सकरांनीं नाहीं, लुटारू सैन्यानें नाहीं, पाखंड्यांनीं नाहीं; ज्या देवळानें रोजीं १६ सोल्दी मोजून तो करविला, त्याच देवळाच्या कारभारांत तें घडलें. जुन्या पद्धतीचें, काळवंडलेलें, नव्या सजावटीस न शोभणारें, एवढाच त्या चित्राचा अपराध. जुने आल्तार मोडून नवे करण्याचा उत्साह आपल्याहि गांवांत अधूनमधून येतो, तेव्हां हातीं करवत घेणारेहि भाविकच असतात.

मोठे भाग १८७८ सालीं सिएनाच्या देवळाच्या संग्रहालयांत ठेवले गेले व आजहि तेथेंच आहेत. १९५२ नंतरच्या कांहीं वर्षांत त्यांची कसोशीनें दुरुस्ती झाली. परंतु तळाच्या पट्टींतील कित्येक लहान चित्रें तोंवर बाजारांत गेलीं होतीं. आज प्रभुजन्माचें चित्र वॉशिंग्टन येथें आहे, पेत्र व आंद्रेय यांस बोलावल्याचेंहि तेथेंच आहे. डोंगरावरील मोहाचें न्यूयॉर्कला, शोमरोनी स्त्रीचें माद्रिदला, लाजरास उठविल्याचें अमेरिकेंतील फोर्ट वर्थ येथें. देवदूताच्या निरोपाचें, जन्मांधास दृष्टि दिल्याचें व प्रभूच्या रूपांतराचें चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत. मागच्या पट्टीचीं उरलेलीं ८ चित्रें प्रथम न्यूयॉर्क येथें २०२४ च्या अखेरीस व नंतर लंडन येथें २०२५ सालीं एका प्रदर्शनासाठीं शेजारीं शेजारीं मांडण्यांत आलीं. सुमारें अडीचशें वर्षांत तीं अशीं एकत्र आलीं नव्हतीं. प्रदर्शन संपतांच तीं आपापल्या गांवीं परत गेलीं.

त्यांपैकीं जन्मांधाच्या चित्रांत तो मनुष्य दोनदां काढला आहे. एकदां प्रभु त्याच्या डोळ्यांस बोट लावीत आहेत. दुसऱ्यांदा, उजवीकडे कुंडापाशीं, डोळे धुऊन तो उभा आहे, काठी हातांतून सुटली आहे, आणि तोंड वर करून तो चित्राच्या चौकटीबाहेर पाहत आहे. तो काय पाहत आहे, हें तें चित्र एकटें टांगलेलें असतां कळत नाहीं. दुच्चोच्या पट्टींत त्याच्या लगतचें चित्र रूपांतराचें होतें: डोंगरावर, सोन्याच्या प्रकाशांत उभे असलेले प्रभु येशू. सुदैवानें तीं दोन्ही लंडनलाच आहेत.